बर्डीवर जाताना पाणी का प्यायचे नाही?

नागपूरकर खरेदीला ‘बर्डीवर’ जातात. १८१७ च्या नोव्हेंबरात ज्या टेकडीवर भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली, तिचा किल्ला वर राहिला आणि बाजार पायथ्याशी पसरला. लग्नसराईतल्या एका शनिवारी पस्तिशीतला एक तरुण थोरल्या बहिणीसोबत या बाजारात आला. चार वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातात त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. हात मात्र दणकट. व्हीलचेअर तो स्वतःच चालवतो.

मेट्रोने येणे सोपे गेले. लिफ्ट चालू होती, फलाट आणि डबा एका पातळीत होते. अडचण मुंजे चौकात खाली उतरल्यावर सुरू झाली. फूटपाथला एका ठिकाणी उतार होता, त्यावर कुणीतरी स्कूटर लावलेली. मग ऑटो आणि गर्दीतून, रस्त्याच्या कडेने. कपड्याच्या दुकानाला तीन पायऱ्या. दुकानदार भला माणूस. ‘‘ताई, तुम्ही आत या, दादांना बाहेरच बसू द्या. शर्ट मी इथं आणून दाखवतो,’’ म्हणाला. तरुणाने भर रस्त्यात शर्ट अंगाला लावून पाहिला.

या तीन तासांत बहिणीने तीनदा पाण्याची बाटली पुढे केली. तीनदा तो नको म्हणाला. सकाळपासून त्याने जेमतेम घोटभर पाणी घेतले होते, कारण बाजारात व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह त्याला माहीत नव्हते.

वैद्यकाच्या दृष्टीने ही त्या दिवसातली सर्वांत गंभीर गोष्ट. मज्जारज्जूच्या इजेनंतर बहुतेकांचे मूत्राशय आपोआप रिकामे होत नाही. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, आणि त्याला स्वच्छ, आडोशाची जागा लागते. ती नसली की माणूस पाणी तोडतो, नळी लांबणीवर टाकतो. लघवी साचते, जंतुसंसर्ग होतो, वारंवार झाला तर मूत्रपिंडापर्यंत जातो. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. अशा रुग्णांना इजेच्या खालच्या भागात नीट घामही येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात त्याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टर ‘पाणी व्यवस्थित प्या’ लिहितात. कुठे प्यावे आणि नंतर कुठे जावे, हे कार्डावर नसते.

दुकानांच्या पायऱ्यांचा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट, तीन पायऱ्यांना अठरा फूट. बर्डीच्या जुन्या, चिंचोळ्या दुकानांपुढे एवढी जागा आणायची कुठून? तिथे छोटी लिफ्ट किंवा मागच्या बाजूने वाट हाच मार्ग उरतो. पण एका पायरीच्या दुकानांना घडीची फळीही पुरते. ती का नसावी, याला उत्तर नाही. दोष फेरीवाल्यांवर ढकलणेही सोयीचे आहे. स्कूटर लावणारा फेरीवाला नव्हता.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. दुकाने-बाजारांसारख्या, लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीही त्यात ‘सार्वजनिक इमारती’ ठरतात. नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या इमारतींसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे किमान निकष बंधनकारक हवेत असे सांगून केंद्राला ते ठरवायला तीन महिने दिले. त्या निकषांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पाच फूट मोकळी जागा, बाहेर उघडणारे रुंद दार, भिंतीला दांडा आणि वाहते पाणी असलेले एक स्वच्छतागृह महापालिकेने या बाजारात आधी बांधावे. रॅम्पपेक्षाही आधी.

तरुण संध्याकाळी मेट्रोने परतला. बाटली त्याने घरी पोहोचल्यावर उघडली.