आठवी पाकळी कुठली?

शुक्रवारी संध्याकाळी ऐरोलीहून नेरूळला परत येताना लोकलमध्ये आमच्या टोळक्यात 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'वरून कडाक्याचं भांडण झालं. विषय होता २०२२ च्या पहिल्या सीझनमधला तो प्रसंग. मरणाला टेकलेला राजा व्हिसेरिस अर्धवट शुद्धीत एगॉन नावाच्या पूर्वजाचं जुनं भाकीत पुटपुटतो. ऐकायला असते राणी ॲलिसेंट, आणि तिच्या मुलाचं नावही एगॉनच! राजाने वारस म्हणून थोरल्या मुलीला, रेनिराला, कधीच जाहीर केलेलं असतं. पण राणीला वाटतं, आयत्या वेळी नवऱ्याचं मन बदललं. पुढे यादवी, ड्रॅगन, जाळपोळ वगैरे वगैरे.

मित्र म्हणाला, "हा साधा बग आहे यार. दोन व्हेरिएबलना एकच नाव दिलं की असंच होणार. लेखकांनी आळस केलाय."

मला काही ते पटलं नाही. कारण राणीने काहीच ऐकलं नसतं तरी तिचे वडील नातवाला गादीवर बसवायच्या तयारीत होतेच की! भाकिताने युद्ध लावलं नाही, फक्त सही-शिक्का दिला. माझं मत असं, की गादीबद्दलचं संदिग्ध भाकीत सहसा 'चुकीचं' वाचलं जात नाही. ते 'सोयीचं' वाचलं जातं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. देवकीचा आठवा मुलगा तुझा काळ, अशी कंसाला आकाशवाणी होते. मग कीर्तनात बुवा रंगवून सांगतात, तसे नारदमुनी येतात, आठ पाकळ्यांचं कमळ पुढे करतात आणि विचारतात, सांग बघू, यातली आठवी पाकळी कुठली? वर्तुळच ते! कुठूनही मोजायला सुरुवात करा, प्रत्येक पाकळी आठवी ठरू शकते. (शून्यापासून मोजणाऱ्या आम्हा लोकांना कंसाची अडचण लगेच कळते. :) ) गंमत म्हणजे 'मुलगा' आणि 'काळ' हे शब्द कंसाला स्पष्टच होते. 'आठवा' हा सगळ्यात साधा शब्दच दगा देऊन गेला.

आता गोष्टीतून इतिहासात येऊ. ग्रँट डफ हा साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता. त्याच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात एक दंतकथा आहे. मालोजीराजांना देवीने दृष्टांत दिला, की तुझ्या कुळात राजा जन्मेल आणि त्याचे वंशज २७ पिढ्या गादीवर बसतील. घडलं काय? शिवाजी महाराजांपासून साताऱ्याच्या अप्पासाहेबांपर्यंत मोजा. राजे आठ. ताराबाईंचा मुलगा धरला तर नऊ. पिढ्या मोजल्या तर सहाच, कारण दोनदा भावाच्या जागी भाऊ आला.

पण खरा घोळ २७ या आकड्यात नाहीच. तो आहे 'वंशज' या शब्दात. शाहू महाराजांना मुलगा नव्हता. ताराबाईंनी सांगितलं, माझा नातू लपवून वाढवलाय, हा घ्या रामराजा. १७४९ च्या डिसेंबरात शाहू गेले, रामराजा गादीवर आला. वर्षभरात ताराबाईंनी त्याला कैद केलं आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, की हा माझा नातू नव्हेच. तरी पेशव्यांनी त्यालाच छत्रपती ठेवलं, कारण ते सोयीचं होतं. त्याने दत्तक घेतलेले दुसरे शाहू पुढे गादीवर आले आणि त्यांचे चिरंजीव प्रतापसिंह यांना १८१८ साली खुद्द इंग्रजांनी राज्यावर बसवलं. १८१९ च्या तहात राज्य 'वारस आणि उत्तराधिकारी' यांच्याकडे चालत राहील असं लिहून दिलं.

मग १८४८ साली अप्पासाहेबांनी मरताना मुलगा दत्तक घेतला, आणि डलहौसीच्या सरकारने सांगितलं, आमच्या मंजुरीशिवाय दत्तक हा राज्याचा वारस नाही. राज्य खालसा. म्हणजे १८१८ साली जी रेघ दत्तकावरून पुढे आलेली चालली, ती तीस वर्षांनी चालेनाशी झाली. शब्द तेच होते. बदलली होती ती सोय.

हे सगळं आज लिहायचं कारण जरा घरगुती आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने करायचं चाललंय. मी 'कॉम्प्युटरवाला', म्हणून माहिती भरायचं काम माझ्या गळ्यात. गेल्या रविवारी खारघरच्या काकांकडे बसून एक्सेलमध्ये नावं भरत होतो. माझ्या चुलत बहिणीच्या नावापाशी आलो. ती दहा महिन्यांची असताना काका-काकूंनी तिला घरी आणलं. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी फोनवर बजावलं होतं, "वेगळा कॉलम कर, 'दत्तक' असा शेरा हवा. वंशवेल म्हणजे रक्ताची नोंद." तेवढ्यात ती स्वतःच चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, माझी ओळ आली का?"

मी कॉलम केला नाही. 'अपत्ये'खाली नाव टाकलं आणि फाईल सेव्ह केली. संध्याकाळी वडीलधाऱ्यांना फोन करून तसं सांगितलंही. ते अजून रागावलेले आहेत.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर मीही मला हवा तोच अर्थ लावला. राणीने तेच केलं, डलहौसीनेही तेच केलं. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? यावर आठवडाभर विचार करतोय. एवढंच सुचतं, की त्यांनी आपला निर्णय शब्दांवर ढकलला : राजा तसं म्हणाला, तहात तसं लिहिलंय. मला तसं म्हणायचं नाही. 'वंश' या शब्दाचा अर्थ रक्त असाही निघतो, घर असाही निघतो. मी घर निवडलं, आणि ते मी निवडलं.

सोमवारी लोकलमध्ये मित्राला हे सांगणार आहे. तो बहुतेक म्हणेल, "म्हणजे बग नाही, फीचर आहे." म्हणू दे!