पिकासोच्या आधी पेटलेला दिवा

१/ दक्षिण फ्रान्समधील वल्लॉरिस, सन १९४९. काळोख्या खोलीत पाब्लो पिकासो हातातील लहानशा विजेच्या दिव्याने हवेत आकृत्या रेखाटतो आणि समोरचा कॅमेरा ती रेषा टिपतो. ‘लाइट पेंटिंग’ची कथा बहुधा या प्रसंगापासून सांगितली जाते; फार तर १९३५ च्या मॅन रेपर्यंत मागे जाते. हा आरंभ चुकीचा आहे, आणि ही चूक केवळ सनावळीची नाही.

२/ आधी तंत्र पाहू. अंधारात कॅमेरा स्थिर ठेवून शटर काही सेकंद उघडे ठेवले, तर समोरून फिरणारा दिवा चित्रात अखंड रेषा होऊन उमटतो. दिवा धरणारा मनुष्य मात्र उमटत नाही, किंवा धुरकट सावलीएवढाच उरतो. त्याच्यावर पुरेसा उजेड नसतो आणि तो एका जागी थांबत नाही. रेषा राहते, हात नाहीसा होतो. या कलेची मोहिनी यातच आहे, आणि तिच्या इतिहासातला अन्यायही यातच.

३/ सन १८८९, पॅरिस. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांचा सहकारी जॉर्ज देमनी याने माणसाच्या सांध्यांवर विजेचे छोटे दिवे बसवून त्याला चालावयास लावले. सदोष चालीत शरीर कसे हेलकावते, ते त्या प्रकाशरेषांतून वाचायचे होते. ज्ञात लाइट पेंटिंगमध्ये हे सर्वांत जुने मानले जाते. हेतू कलेचा नव्हता, मोजमापाचा होता. (देमनीला १८९४ मध्ये त्या संस्थेतून काढून टाकण्यात आले, श्रेयाचा मोठा वाटा आजही मारे यांच्याच पदरी पडतो.)

४/ आता या इतिहासाचे खरे मर्म. १९१० च्या दशकात अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दाम्पत्याने कामगारांच्या बोटांना लहान दिवे बांधले. एखादे काम पूर्ण होईपर्यंत हाताने घेतलेली सारी वळणे एकाच काचेवर उमटत. पुढे त्यांनी दिव्याचा प्रवाह ठराविक अंतराने तोडण्याची युक्ती काढली. अखंड रेषेऐवजी तुटक खुणा येऊ लागल्या: खुणा मोजल्या की वेळ कळे, अंतर पाहिले की वेग कळे, टोकाचा आकार पाहिला की दिशा कळे. त्या रेषांवरून तारेची प्रतिमाने घडवून तीच ‘आदर्श हालचाल’ म्हणून कामगारांपुढे ठेवली जात असे.

५/ त्या काळी हे साधे नव्हते. फ्रेडरिक टेलरच्या पद्धतीने घड्याळ लावून काम मोजण्याविरुद्ध १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातील कामगारांनी संप केला होता. १९१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लष्करी खर्चाच्या कायद्यातच अशा मोजणीला प्रतिबंध घातला. गिलब्रेथांचा दावा असा की दिवा आणि कॅमेरा घड्याळाहून अचूक आहेत, आणि कामगाराचा थकवा कमी करणे हे त्यांचे ध्येय आहे.

६/ तो दावा ढोंगी होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना पुन्हा काम करता यावे म्हणून त्यांनी हीच विद्या वापरली. तरीही एक गोष्ट उरतेच. गवंड्याच्या किंवा टंकलेखिकेच्या हाताने काढलेली रेषा तिच्या मालकीची नव्हती. पिकासोच्या प्रकाशरेषेखाली पिकासोचे नाव येते. त्या छायाचित्रांखाली सहसा कामाचे नाव येते.

७/ मॅन रेचे उदाहरण यापुढे ठेवावे. १९३५ च्या ‘स्पेस रायटिंग’ चित्रात तो स्वतः बसला आहे आणि त्याच्यापुढे प्रकाशाचा गुंता आहे. २००९ मध्ये छायाचित्रकार एलन केरी हिने ते चित्र आरशात पाहिले, तेव्हा त्या गुंत्यात मॅन रेची सही वाचता आली. सत्तरहून अधिक वर्षांनी का होईना, कलावंताचे नाव सापडते. बोटाला दिवा बांधलेल्या कामगाराला सही करण्याची मुभाच नव्हती.

८/ आणि पिकासोला ही कल्पना मिळाली कुठून? कॅमेऱ्यामागे ग्यॉन मिली होता: आल्बेनियात जन्मलेला, एमआयटीत शिकलेला विद्युत अभियंता. बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूंच्या स्केटना दिवे लावून अंधारात काढलेली छायाचित्रे त्याने पिकासोला दाखवली, तेव्हा कुठे चित्रकाराने दिवा हाती घेतला. शरीराला दिवा बांधून हालचाल टिपण्याचा हा मार्ग देमनी आणि गिलब्रेथ यांचा आहे. म्हणजे कलेची वाट मोजमापाच्या अंगणातूनच गेली.

९/ आज लाल एलईडीला साठ वर्षे उलटून गेली (निक होलोन्याक, १९६२). झगमगीत निळ्या एलईडीसाठी मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. निळा आला आणि लाल-हिरव्याच्या जोडीने सारे रंग एका दाण्यात मावले. आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एलईडीची पट्टी, छोटा मायक्रोकंट्रोलर आणि पॉवर बँक घेतली, ती पट्टी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवली, की घरच्या घरी प्रकाशाची काठी तयार होते. प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे पेटवता येत असल्यामुळे ती काठी घेऊन चालत गेले तरी हवेत पूर्ण चित्र उमटते.

१०/ जुन्या वळणाचे छायाचित्रकार याला नाक मुरडतात: हात चालला नाही, प्रोग्रॅम चालला, मग हे चित्रण कसले? हा आक्षेप पिकासोलाच आद्य पुरुष मानण्यातून येतो. देमनीपासून सुरुवात केली, तर घरी जोडलेली काठी या कलेच्या सर्वांत जुन्या शाखेची वारसदार ठरते.

११/ याचा पुरावा ऑस्लोचा. २०११ मध्ये टिमो अर्नाल, यॉर्न क्नुत्सेन आणि आइनार स्नेवे मार्टिनुसेन यांनी ४ मीटर उंचीची, ८० दिव्यांची काठी बनवली. वाय-फायचा जोर जेवढा, तेवढ्या उंचीपर्यंत दिवे पेटत. ती घेऊन ते रात्री रस्त्यांवरून चालले आणि न दिसणाऱ्या लहरींचा आलेख घरांपुढे भिंतीसारखा उभा राहिला.

१२/ दुसरा पुरावा भारतातला आहे. कलावंत रॉबिन प्राइस आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञ फ्रान्सिस पोप यांनी हवेतील सूक्ष्म कण मोजणारा संवेदक एलईडीला जोडला. कण जितके अधिक, तितके चित्रातील प्रकाशठिपके दाट. सुमारे ५०० किलोमीटर अंतरावरची दोन क्रीडांगणे त्यांनी टिपली, एक दिल्लीतले, दुसरे हिमाचलातील पालमपूरचे. पालमपूरला कणांचे प्रमाण दिल्लीच्या तुलनेत १२.५ पटींनी कमी भरले. आकडेवारी वाचून न हलणारा माणूसही त्या दोन चित्रांपुढे थांबतो.

१३/ येथे दिव्याची दिशा उलटली आहे. गिलब्रेथांच्या खोलीत तो राबणाऱ्याच्या बोटाला बांधलेला होता आणि निष्कर्ष मालकाच्या टेबलावर जात असे. दिल्लीच्या मैदानात मोजली गेली ती हवा, आणि चित्र पाहणारे तीच हवा घेणारे.

१४/ म्हणून घरी काठी जोडणाऱ्या तरुणांकडून एवढी अपेक्षा रास्त आहे: चित्राखाली कॅमेऱ्याच्या मॉडेलइतक्याच ठळकपणे, अंधारात काठी घेऊन कोण चालले तेही लिहावे. गिलब्रेथांच्या छायाचित्रांचा एक संग्रह स्मिथसोनियनमध्ये जतन केलेला आहे. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी वळणे आहेत, आणि वळणांमागे एक पुसट खांदा.