उभ्या घराकडे आधी बघा

सोमवारी देशाच्या पहिल्या तिमाहीचे आकडे आले. जीडीपी २३.९ टक्क्यांनी घसरला. दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबर २०२० पासून, राज्य सरकारची मुद्रांक शुल्कातली सवलत सुरू झाली: डिसेंबरअखेरपर्यंत ३ टक्के कमी, पुढे मार्चअखेरपर्यंत २ टक्के कमी. लगेच वर्ध्याजवळच्या सावंगीत प्लॉटची विचारपूस वाढली. 'शुल्क उतरलं, आता बांधूनच टाकू.' हे ऐकून जीव तुटला. ही सवलत खरी पावणार होती ती उभे घर घेणाऱ्याला.

हिशेब मांडा. ३० लाखांचे जुने घर घेतले तर खरेदीखत पूर्ण ३० लाखांचे. ९० हजार वाचले. तेवढ्याच पैशात १० लाखांचा प्लॉट घेऊन २० लाखांचे बांधकाम काढले, तर खरेदीखत प्लॉटपुरते; वाचले ३० हजार. बांधकामावर मुद्रांक शुल्क नसते, हे मान्य. पण तेव्हा सिमेंटवर २८ टक्के आणि लोखंडावर १८ टक्के जीएसटी होताच, आणि या सवलतीने त्यातला एक पैसा उतरला नाही. जुन्या घराच्या खरेदीवर जीएसटीच नाही. वर रेती मिळेपर्यंत काम अडते, आणि तोवर राहत्या जागेचे भाडे आणि बँकेचा हप्ता दोन्ही चालू. टाळेबंदीत पगार निम्म्यावर आलेल्या माणसाने हा भार का उचलावा?

मेडिकल कॉलेजच्या भरवशावर इथे घरोघरी वर रूम चढल्या. मार्च २०२० मधल्या टाळेबंदीपासून पोरे गावी होती, रूमना कुलपे होती. त्यातल्या कर्जात अडकलेल्या एखाद्या मालकाला तेव्हा रोख गिऱ्हाईक मिळाले असते तर दोन्ही घरे सावरली असती. मिस्त्री-मजुरांचे काय, असे कोणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. पण जुने घर घेणारा गिलावा, फरशी, नळजोडणी करूनच घेतो, आणि त्या खर्चातला मोठा वाटा मजुरीत जातो, असे माझे ठाम मत आहे.

कापसाच्या वावरात लेआउट पाडण्याविरुद्ध मी इथे वारंवार लिहिले आहे, आजही लिहितो. उभे घर वापरण्याचा धडा शेजारी सेवाग्रामातच आहे. तिथली बापूकुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेनची. तिच्यातच फेरबदल करून गांधीजी राहिले. वर्धेकरांनी हे विसरू नये.

म्हणून विनंती एवढीच. पावसाळ्यातच जुनी घरे बघून घ्या. स्लॅब कुठे गळतो, भिंत कुठे ओल धरते, ते तेव्हाच कळते. ३० वर्षांचा सर्च काढा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घराची थकबाकी तपासा, बँकेचा बोजा उतरल्याशिवाय सही करू नका. ३ टक्क्यांची सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच होती.