जोडरागात दोन्ही नावे असतात

आमच्या कोल्हापुरात संगीताच्या शुद्धतेवर बोलणारे पुष्कळ भेटतात. 'रागा जॅझ स्टाइल'चे नाव काढले की त्यांच्या कपाळावर आठी पडते. सतार आणि सॅक्सोफोन एका ताटात? ही तर भेसळच!

शंकर-जयकिशन यांनी १९६८ साली मुंबईत ही एलपी केली. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो आणि पियानोवर लुसिला पाचेको. एवढ्या पुरुष वादकांत पियानोपाशी एक बाई बसली आहे, हेच मला आधी दिसते.

या रेकॉर्डवर टीका करायला जागा आहे. प्रत्येक रागाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. तेवढ्यात राग उलगडत नाही, त्याची ओळख तेवढी पटते. पण भेसळीचा आरोप निदान कोल्हापूरकराने तरी करू नये. शाहू महाराजांनी ज्या अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारी मानाने ठेवले, त्यांचे घराणे कशासाठी ओळखले जाते? अनवट आणि जोडरागांसाठी. बसंती केदार ऐकताना आपण मान डोलावतो, तेव्हा दोन राग एकत्र आले म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. जोडरागाच्या नावातच दोन्ही रागांची ओळख असते. बसंत घेतला आणि केदार लपवला, असे होत नाही. आपल्या सिनेसंगीतात मात्र नेमके तेच झाले. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले ख्रिस्ती वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यवृंद बांधले. अल्डोण्याचे चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे सहायक होते. गाणी घरोघरी पोचली. ही नावे कितीजणांना ठाऊक आहेत?

त्याच गोव्यातून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकरही आल्या. गोव्याच्या हिंदू घरांतल्या या गायिका एका मुसलमान उस्तादाकडे शिकल्या आणि गुरूचे नाव त्यांनी आयुष्यभर मिरवले. घराण्याच्या गाण्यात गुरूचे नाव घेताना आपण कानाच्या पाळीला हात लावतो. वाद्यवृंदातल्या माणसाच्या वाट्याला तेवढे साधे नाव घेणेही येऊ नये?

आज मोबाइलवर जुनी गाणी ऐकताना बहुतेकदा गायक आणि संगीतकार एवढीच नावे दिसतात. वादक पुन्हा एकदा गायब. त्यामुळे 'रागा जॅझ स्टाइल'चे वादक आपल्याला नावानिशी माहीत आहेत, हे मला त्यातल्या सुरांइतकेच मोलाचे वाटते. संमिश्र संस्कृतीचे गोडवे आपण व्यासपीठावरून खूप गातो. ती कुणी घडवली हे नावे घेऊन सांगितले नाही, तर ते गोडवे पोकळ आहेत. गोदिन्हो, पाचेको, रईस खाँ: मुलांना रेकॉर्ड ऐकवताना एवढे तरी सांगा.