चोर सोडून संन्याशाला फाशी

तुम्ही आयटीत असाल तर हा लेख तुमच्याविरुद्ध आहे. प्रयोगशाळेत असाल तर त्याहून जास्त तुमच्याविरुद्ध आहे, आणि मी स्वतः या दुसऱ्या गटातला आहे. मंडळाच्या गणपतीत हे दोन्ही गट शेजारी शेजारी जेवायला बसतात, मोदकांवर एकमत होतं, आणि सोमवारी त्यातला एक दुसऱ्याला ईमेल पाठवतो की तुमचं यंत्र नेटवर्कवरून काढण्यात आलं आहे.

मला असा ईमेल आला तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या तळघरातला स्पेक्ट्रोफोटोमीटर २२ वर्षांचा होता. अधूनमधून ड्यूटेरियमचा दिवा बदलायचा, होल्मियमच्या काचेने तरंगलांबी तपासायची, एवढीच त्याची सेवा. आकडे नव्या यंत्राच्या तोडीस तोड. पण शेजारच्या संगणकावर विंडोज एक्सपी होतं आणि मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच थांबवलेली. नेटवर्कची वायर काढली गेली. पर्याय कोणी दिला नाही, मीही मागितला नाही. तेव्हापासून विद्यार्थी पेन ड्राइव्हवर फाइली नेऊ लागले, ज्याला जेव्हा आठवेल तेव्हा.

एका गुरुवारी त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली. आमच्या एका विद्यार्थिनीची अकरा आठवड्यांची मोजमापं त्यात होती. एन्झाइमचे नमुने, म्हणजे ठेवून पुन्हा मोजण्यातले नव्हेत, पुन्हा बनवायचे. मी तिला विचारलं, "बॅकअप का नाही घेतलास?" हे वाक्य आठवलं की मला आजही लाज वाटते. वायर होती तोवर बॅकअप रात्री आपोआप होत होता.

आयटीवाल्यांची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, तेव्हा इंग्लंडच्या एनएचएसमध्ये रोगनिदानाची हजाराहून अधिक यंत्रं त्याच्या तडाख्यात सापडली. तुमच्यापैकी लंडन-बर्मिंगहॅमकडे दवाखान्यांत काम करणाऱ्यांना तो आठवडा आठवत असेल. पण त्या प्रकरणाचा दाखला देणारे एक गोष्ट गाळतात. बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर एक्सपी नव्हतं, विंडोज ७ होतं, ज्याची देखभाल तेव्हा चालू होती. दुरुस्तीही दोन महिने आधी, मार्चमध्ये येऊन पडली होती. ती बसवली नव्हती, आणि सगळं एकाच मोकळ्या नेटवर्कवर नांदत होतं. यात यंत्राच्या वयाचा गुन्हा कोणता?

आणि मुळात म्हातारं काय झालंय? यंत्र नव्हे, त्याच्या शेजारचा संगणक. यंत्राच्या पाठीमागे पाहा. तिथे बहुधा आरएस-२३२ चं सॉकेट असतं. हे मानक १९६० चं. किंवा जीपीआयबीचं २४ पिनांचं रुंद तोंड असतं, जे ह्युलेट-पॅकार्डने स्वतःच्या उपकरणांसाठी काढलं आणि १९७५ मध्ये आयट्रिपलईचं मानक झालं. त्या वायरीतून आत जातो एक छोटा हुकूम, बाहेर येतो एक आकडा. तिथे विंडोज नाही, त्यामुळे विंडोजचा व्हायरसही नाही.

मग करायचं काय? पत्त्यांच्या जोडाएवढा एक सीरियल-ते-इथरनेट डबा मिळतो, साधारण शंभर डॉलरला. किंवा रास्पबेरी पाय आणि एक केबल. वेग, पॅरिटी आणि बिटांची संख्या यंत्राच्या पुस्तिकेत असते. कित्येक जुने तराजू ७ बिट आणि सम पॅरिटीवर बोलतात, तिथे तुम्ही ८ बिट लावलेत की पडद्यावर अगम्य लिपी उमटते. आकडा येईना तर पिन २ आणि ३ अदलाबदल करणारी केबल लावून बघा. माझी एक अख्खी संध्याकाळ त्या दोन पिनांवर गेली आहे. एक मात्र विसरू नका: या डब्यातून जाणारं संभाषण सहसा उघडं असतं, कोणीही त्याला हुकूम सोडू शकतो. म्हणून त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवायचं आणि ठरलेल्या एकाच संगणकाला त्याच्याशी बोलू द्यायचं. आयटीतल्या मित्रांनो, हे काम तुमचं. वायर उपटण्यापेक्षा अर्धा तास जास्त लागेल.

काही यंत्रं मात्र अशी नाहीत. त्यांचं कार्ड जुन्या संगणकाच्या आयएसए खाचेत बसतं आणि सॉफ्टवेअर बंदिस्त असतं. तिथे तो संगणक ठेवावाच लागतो. मग त्याच्या हार्ड डिस्कची प्रतिमा आजच काढून ठेवा (मी हे गुरुवारनंतर शिकलो) आणि मध्ये एक लिनक्सची पेटी बसवा: म्हातारा तिच्यात फाइल टाकेल, पलीकडून बाकीचे ती उचलतील, इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. न्यू जर्सीतली औषध कंपन्यांमधली मंडळी आता हसतील. त्यांना एफडीएचा १९९७ चा भाग ११ पाळायचा असतो, प्रत्येक बदल सिद्ध करून दाखवायचा असतो. तिथे हे संध्याकाळचं नव्हे, महिन्यांचं काम आहे. खरं आहे. पण ते महिने आणि नव्या यंत्राची सिद्धता करण्याचे महिने, यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून कधी पाहिलात का?

आता आपल्याच गटाकडे वळतो. खरेदीच्या कागदावर सही आपण करतो. आपण रिझोल्यूशन विचारतो, वॉरंटी विचारतो. हुकुमांची यादी छापील मिळेल का, हे विचारत नाही. फाइल उघड्या स्वरूपात बाहेर काढता येईल का, तेही नाही. आणि स्पेक्ट्रमसाठी जेकॅम्प-डीएक्ससारखं उघडं स्वरूप १९८८ पासून आहे. दहा वर्षांनी विक्रेता गोड आवाजात सांगतो की नव्या विंडोजवर हे मॉडेल चालणार नाही, नवं घ्या, आणि आपण अनुदानाच्या अर्जात "उपकरण कालबाह्य" असं लिहितो. कोलोरॅडोच्या शेतकऱ्यांनी २०२३ मध्ये आपल्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने मिळवला. ट्रॅक्टर माझा आहे तर त्याची माहितीही मला द्या, एवढीच त्यांची मागणी. आपण डॉक्टरेटवाले अजून विक्रेत्याच्या डोनटवर खूश आहोत.

याचा शेवट कुठे होतो ते सांगतो. आमचा एक चालू स्थितीतला एफटीआयआर निकालात निघाला. सोलापूरकडच्या एका महाविद्यालयात माझा धाकटा मित्र शिकवतो. मी उत्साहाने त्याला फोन केला. वाहतूक आपले चार जण मिळून करतील, म्हटलं. त्याने एकच विचारलं, "दादा, यंत्र पाठवाल हो, सॉफ्टवेअरचं काय?" परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नव्हता, हुकुमांची यादी गोपनीय होती. यंत्र भंगारात गेलं. फोर्कलिफ्टवर चढताना त्याच्या आतल्या लेसरचा लाल ठिपका मला आठवत होता, आदल्याच दिवशी मी तो पेटवून पाहिला होता.

स्पेक्ट्रोफोटोमीटर आता नेटवर्कवर आहे, त्याच वायरीच्या खोबणीत. त्या मुलीने दुसऱ्यांदा केलेली मोजमापं दर रात्री दोन ठिकाणी साठत गेली. तुमच्याकडे असं एखादं यंत्र कोपऱ्यात पडलं असेल तर त्याच्या पाठीचा फोटो काढा आणि यंदाच्या गणपतीत मला गाठा. केबल मी आणतो, व्हीलॅनसाठी तुमच्या शेजारी बसलेल्याला आत्ताच पटवून ठेवा.