मार्चमध्ये हैदराबादला जाऊ नका, ऑगस्टमध्ये जा



एसी सर्व्हिसिंगच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, आयटीआय झालं. नागपुरात हेल्परला काही देत नाहीत. मित्र हैदराबादला आहे, ये म्हणून राहिला. जाऊ का?" कुणाला रायपूरहून बोलावणं आहे, कुणाला सुरतहून, कुणाला बेंगळुरूहून.

व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं आणि ते बऱ्याच जणांना पटलं नाही. म्हणून इथे नीट लिहितो. जा, नक्की जा. पण मार्चमध्ये जाऊ नका. पावसाळा लागल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये जा.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. मी हिशेबाचा माणूस आहे. पण आपल्या बॅचमध्ये एसीवाली पोरं दरवर्षी असतात. कोण गेलं, कोण परत आलं आणि काय घेऊन परत आलं, हे मी बघत आलोय. हे मत त्यातून झालेलं आहे.

सीझनची नोकरी आणि बारा महिन्यांची नोकरी

आपल्या नागपूरचं गणित सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये कूलर माळ्यावरून खाली येतात, नव्या ताट्या बसतात, आणि एसीवाल्याचा फोन लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा ग्राहक हात जोडतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच ग्राहक फोन उचलत नाही. चार महिने पळापळ, आठ महिने वाट बघा.

आता विचार करा. मार्चमध्ये बाहेरच्या राज्यातला ठेकेदार हेल्पर का बोलावतो? त्यालाही हीच चार महिन्यांची गर्दी काढायची असते. त्याला हात हवे असतात. जेट पंप धरायला, इनडोअर धुवायला, आउटडोअर चौथ्या मजल्यावर चढवायला. शिकवायला त्याच्याकडे तेव्हा पाच मिनिटंही नसतात. दिवसाला आठ-दहा कॉल मारायचे असतात.

आणि पावसाळ्यात कोण माणूस घेतो? ज्याच्याकडे एसी बारा महिने चालतो तो. दवाखाना, औषधाचा कारखाना, डेटा सेंटर, मॉल, कोल्ड स्टोरेज. किंवा ज्याची मोठी प्रोजेक्ट साइट सुरू आहे तो. त्याच्या कामाचा उन्हाळ्याशी फारसा संबंध नसतो. म्हणून मी म्हणतो, मार्चमध्ये मिळालेली नोकरी बहुतेक वेळा जूनपर्यंतची असते आणि ऑगस्टमध्ये मिळालेली बहुतेक वेळा बारा महिन्यांची. नोकरी केव्हा मिळते यावरूनच ती कसली आहे ते कळतं.

कामठीकडचा एक मुलगा असाच मार्चमध्ये गेला. चार महिने इमाने-इतबारे एसी धुतले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदार म्हणाला, "अभी काम नहीं है, बुलाएंगे." तो परत आला तेव्हा मी विचारलं, "काय शिकला?" म्हणाला, "सर, धुवायला एकदम फास्ट झालो." त्याची चूक नव्हती. त्याला कुणी दुसरं काही करूच दिलं नव्हतं. पण धुणं शिकायला ५०० किलोमीटर जायची गरज नव्हती, ते मानेवाड्यातही शिकता आलं असतं.

"पण सर, पगार जास्त आहे ना!"

चला, हिशेब मांडू. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा नागपुरात १२,००० मिळतात आणि तिकडे १८,०००. ऐकायला ६,००० जास्त. तिकडे चौघांत खोली घेतली तर ३,०००. मेस आणि चहा-नाश्ता ४,०००. बस, रिचार्ज, साबण-तेल, सणाला गावी यायचं तिकीट धरून महिन्याला १,५००. झाले ८,५००. उरले ९,५००. इथे घरी राहून पेट्रोलचे २,००० गेले तरी १०,००० उरतात.

म्हणजे जास्त पगाराच्या नोकरीत हातात कमीच आले! त्यामुळे फक्त पैशासाठी जात असाल, तर आधी ही बेरीज-वजाबाकी घरी आईसमोर बसून करा. बाहेर जाण्याचा खरा फायदा पगारात नाही. ज्या मशीनला नागपुरात तुम्हाला कुणी हात लावू देणार नाही, तिला तिकडे हात लागतो, हा फायदा आहे.

मग जायचं कुठे, कशासाठी?

आपल्या पोरांना हैदराबाद सोयीचं पडतं, हे खरं आहे. नागपूरहून साधारण ५०० किलोमीटर. पुणे-मुंबई ७०० च्या पुढे. रायपूर तर ३०० च्या आसपासच. शिवाय नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी आपल्याला परकी नाही. हैदराबादच्या दखनीसोबत आपली नागपुरी हिंदी आठवड्यात जमून जाते.

हैदराबादला औषधांचे कारखाने भरपूर आहेत, डेटा सेंटर आहेत. औषधाच्या कारखान्यात एसी म्हणजे फक्त गारवा नसतो. हवा किती स्वच्छ, किती कोरडी, एका खोलीतली हवा दुसरीत जाऊ नये म्हणून दाब किती ठेवायचा, हे सगळं एअर हँडलिंग युनिट आणि फिल्टरवर अवलंबून असतं. डेटा सेंटरमध्ये तर कूलिंग काही मिनिटं बंद पडलं तरी धावपळ होते. अशा ठिकाणी हेल्परचं पहिलं काम म्हणजे दर तासाला रीडिंग घेऊन लॉगबुक भरणं. कंटाळवाणं वाटेल. पण सहा महिने चिलरचे आकडे लिहिलेल्या मुलाला मशीन बिघडण्याआधी कळायला लागतं. ही गोष्ट घरोघरी स्प्लिट धुऊन येत नाही.

प्रोजेक्ट साइटचं वेगळं आहे. तिथे डक्ट, कॉपर पाइप, ब्रेझिंग, इन्सुलेशन हे सगळं शिकता येतं. पण कधी कधी पोरगं दोन वर्षं नुसते डक्टचे पत्रे उचलत राहतं. आणि आंध्रात श्री सिटीला एसीचे मोठे कारखाने उभे राहिलेत, तिथली नोकरी पक्की वाटते. वाईट नाही. पण असेंब्ली लाइनवर तुम्ही दिवसभर एकच जोड करता. नोकरीच करायची असेल तर ठीक. उद्या नागपुरात स्वतःची व्हॅन फिरवायची असेल, तर लाइनवरचा अनुभव कमी पडेल.

फोनवर विचारायचे पाच प्रश्न

मित्र "ये" म्हणाला की बॅग भरू नका. आधी ज्याच्याकडे काम करायचं त्याला, नाहीतर निदान मित्राला, हे विचारा.

एक. कोणत्या मशीनवर काम आहे? घरचे स्प्लिट, व्हीआरएफ, चिलर की डक्टिंग? "सब कुछ है" असं उत्तर आलं, तर मागच्या आठवड्यात कोणत्या साइटवर काय केलं ते विचारा.

दोन. गाडीत व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा असतो का? हा माझा आवडता प्रश्न आहे, आपल्या बॅचमधल्या एका जुन्या मेकॅनिकने शिकवलेला. आजकालच्या बऱ्याच घरगुती एसीत आर-३२ गॅस असतो आणि तो थोडा का होईना पेट घेणारा आहे. काहींत आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. यात पाइपमधली हवा पंपाने ओढून काढायची आणि गॅस काट्यावर मोजून भरायचा. जो ठेकेदार अजूनही अंदाजाने "गॅस मारतो", त्याच्याकडे तुम्ही चुकीच्या सवयी शिकाल. शिवाय हात भाजायची भीती वेगळी.

तीन. उंचीवर काम असेल तर सेफ्टी बेल्ट कोण देतो? आणि ईएसआय कापतात का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, पगार २१,००० पर्यंत असेल तर साधारणपणे ईएसआय लागू होतो. तुमच्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो. परक्या गावी पडला-झडला, तर हाच आधार असतो. पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर मागून घ्या. नोकरी बदलली, राज्य बदललं तरी तो नंबर तोच राहतो.

चार. पगार कोणत्या तारखेला, आणि ओरिजिनल कागद जमा करावे लागतात का? मार्कशीट, आधार, काहीही ओरिजिनल ठेवून घेत असतील, तर जाऊ नका. विषय संपला.

पाच. जुलैमध्ये काय काम असतं? इथे समोरचा अडखळला, की समजा सीझनचीच भरती आहे.

कागद कोणता चालतो?

आयटीआयचं रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग ट्रेडचं राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालतं. वायरमनचा परवाना मात्र राज्याचा असतो, तो दुसरीकडे चालेलच असं गृहीत धरू नका. आयटीआय नुकतंच झालं असेल तर नोकरीआधी शिकाऊ उमेदवारी बघा. १९६१ च्या कायद्याखाली ती मिळते, केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर दुसऱ्या राज्यातल्या कंपन्याही दिसतात. स्टायपेंड हेल्परपेक्षा कमी असू शकतो, पण ठरलेल्या मुदतीनंतर हातात प्रमाणपत्र असतं.

अमेरिकेत गॅस हाताळायला आधी परीक्षा पास व्हावी लागते, त्याशिवाय मशीन उघडता येत नाही. आपल्याकडे एसी दुरुस्त करायला असा परवाना बंधनकारक नाही. त्यामुळे कुणीही पाना घेऊन उभा राहतो. अशा बाजारात तुम्ही वेगळे कसे दिसणार? कोणत्या मशीनवर किती महिने काम केलं हे लिहिलेल्या अनुभवपत्राने. काम सोडताना ते घेतल्याशिवाय निघू नका. नुसतं "हेल्पर म्हणून काम केले" असं नको, मशीनचं नाव लिहून घ्या.

मग मार्चमध्ये काय करायचं?

नागपुरातच राहायचं. एक पूर्ण सीझन इथल्या एखाद्या चांगल्या मेकॅनिकच्या मागे फिरायचं. पाना धरणं, फ्लेअर मारणं, ग्राहकाशी बोलणं शिकायचं. हे काम आपल्याला झेपतं का, ४५ डिग्रीत गच्चीवर उभं राहता येतं का, हे घरचं जेवण जेवता जेवता कळतं. नाही झेपलं तर तिकिटाचे पैसे वाचले. झेपलं तर त्या चार महिन्यांच्या कमाईतून दोन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा आणि जुलैमध्ये निघायचं. खिशात दोन महिन्यांची सोय असली की माणूस पहिल्याच ठेकेदाराला "हो" म्हणत नाही.

घरी कर्ज आहे, वडील आजारी आहेत, आत्ताच पैसे हवेत, अशी वेळ असेल तर माझं ऐकू नका. मार्चमध्ये जा, ओव्हरटाइम करा, पैसे पाठवा. त्यात काही कमीपणा नाही. फक्त स्वतःला सांगा की हा पैशाचा सीझन आहे, शिकायचा पुढे येईल.

आणि परत यायचं

शेवटचं आणि महत्त्वाचं. तुम्ही उद्योजक व्हायला निघालात. दोन वर्षं, फार तर तीन, मग परत.

आपल्याच बॅचमधला एक जण पावसाळ्यात हैदराबादला एका दवाखान्याच्या प्लांट रूममध्ये लागला. मित्रांपेक्षा कमी पगारावर. मित्र हसले. अडीच वर्षांनी परत आला आणि स्प्लिट धुवायच्या स्पर्धेत उतरलाच नाही. धंतोली-रामदासपेठेत केवढे दवाखाने आहेत! ऑपरेशन थिएटरचा एसी जानेवारीतही चालतो. त्याने तिथे वार्षिक देखभालीचे करार मागायला सुरुवात केली. आठ ठिकाणी नकार मिळाला. आज तीन करार आहेत, त्यातला एक पैसे उशिरा देतो. करोडपती झाला नाही. पण जुलै महिन्यात त्याच्याकडे काम असतं, आणि या धंद्यात जुलैमध्ये काम असणं हीच श्रीमंती आहे. बुटीबोरी, हिंगणा, मिहान, कळमन्याची कोल्ड स्टोरेज, सगळीकडे असं बारमाही काम आहे. ते करणारा माणूस शोधताना लोकांची दमछाक होते.

तुमच्या शहरात उन्हाळा फुकट मिळतो. पावसाळ्यात पोट कसं भरायचं, ते शिकायला बाहेर जा.

निघण्याआधी तो पगाराचा हिशेब तुमच्या आकड्यांनी एकदा कागदावर मांडा, आणि काय उरलं ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन-तीन हिशेब घेऊन बसू.