नाव मोठे, पण लक्षण?

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत भारताने चीनला मागे टाकले. ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी त्या वर्षी तेथे होते. या आकड्याने हुरळून जाणाऱ्यांनी २०११ सालचे ट्राय-व्हॅली प्रकरण आठवावे. कॅलिफोर्नियातील त्या तथाकथित विद्यापीठाला परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी परवानगी होती. शैक्षणिक मान्यता मात्र नव्हती. परवानगी म्हणजेच मान्यता, असे समजून आपले असंख्य तरुण फसले आणि त्यांतील काहींच्या पायांत गुन्हेगारांप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पट्टे अडकविण्यात आले. २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ तर अमेरिकी सरकारनेच रचलेला सापळा निघाला. तेथे वर्गच भरत नव्हते! त्यात अडकलेले सारेच निरागस होते, असे म्हणण्याचे कारण नाही.

विद्यार्थी पाठविल्याबद्दल महाविद्यालयाकडूनच दलाली घेणारा सल्लागार निःपक्षपाती सल्ला कसा देणार? घर गहाण टाकणाऱ्या पालकाने संस्थेची मान्यता स्वतः तपासायला नको काय? अमेरिकी शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची सूची कोणालाही विनामूल्य पाहता येते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांची नावे घेताच पालक खर्चाच्या धास्तीने मागे सरतात. वास्तविक पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश देताना या संस्था परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत पाहत नाहीत. निवड झाल्यास गरजेइतके साहाय्य देतात. निवड होणे अतिशय दुष्कर, हे खरे. परंतु कोणत्याही सामान्य संस्थेत संपूर्ण शुल्क भरून जाण्यापूर्वी एवढी चौकशी व्हावयास हवी.

‘आमचीच संस्था का?’ असा प्रश्न अनेक अमेरिकी महाविद्यालये अर्जातच विचारतात. आपल्याकडे त्याचे उत्तरही पैसे मोजून लिहवून घेण्याची सोय झाली आहे!

आनंदीबाई जोशी यांना ते उत्तर ठाऊक होते. अमेरिकेतील शिक्षणासाठी साहाय्य मागताच एका मिशनऱ्याने धर्मांतराची अट पुढे केली. जोशी दांपत्याने ती मानली नाही. १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात, हिंदू स्त्रियांसाठी हिंदू स्त्री-डॉक्टर हवी म्हणून आपण जात आहोत आणि हिंदू म्हणूनच राहू, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. निवडले ते स्त्रियांसाठीच असलेले फिलाडेल्फियाचे वैद्यकीय महाविद्यालय. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या, तेव्हा कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांच्यासाठी आधीच ठरलेले होते.